काचेखालचं पीठ

इचोड्याला हायवेवर माझं ॲक्रिलिकच्या अक्षरांचं दुकान आहे. ढाबा असो, लॉज असो, नाहीतर मेडिकल, रस्त्याने जाता जाता दिसणाऱ्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. त्यामुळे माझा धाकटा भाऊ नागेश फोनवर म्हणाला, "अक्का, विमानाच्या काचेले पट्टी लावून दे," तेव्हा मी आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं आणि मग पॉलिश पेपर, चिकटपट्ट्या नि ड्रिल पिशवीत भरून आमच्या गावची, भीमपूरकडची गाडी पकडली. भावापुढे माझं काही चालत नाही.

विमान खरंच होतं. नागेश हैदराबादला विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात काही वर्षं होता. तिथून गावी आला आणि आमच्या कापसाच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन सीटचं लहानसं विमान जोडत बसला. जोडीला त्याचा लहानपणापासूनचा दोस्त चंदन. अख्खं गाव हसायचं. मीही हसले, पण ते दोघं ढिम्म.

चंदन त्या विमानातच गेला. उडताना नाही, तेव्हा विमानाला पंखसुद्धा लागले नव्हते. उन्हाळ्यातली दुपार होती. जेवून आला, नेहमीसारखी चप्पल बाहेर काढली, उडवणाऱ्याच्या डाव्या सीटवर बसला आणि पाय पुढच्या पॅडलवर ठेवले. नागेश पाण्याचा जग घेऊन आला तेव्हा तो तसाच बसलेला होता, डोळे उघडे, मान सरळ. डॉक्टर म्हणाले, हृदय. पस्तिशीही गाठली नव्हती त्याने.

आमच्याकडे माणूस जिथे जातो तिथे दिवा लावतात, जवळ पीठ पसरतात आणि वरून टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलली की पिठावर पाऊल दिसतं म्हणे. पाखराचं, गुराचं, नाहीतर माणसाचं. त्यावरून तो कुठे गेला ते समजतं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. चंदनची आई राहीबाई हात जोडून म्हणत होती की पीठ शेडमध्येच ठेवा, माझा लेक तिथे गेला. नागेशने नाही म्हटलं. शेडमध्ये थिनरचे, रेझिनचे डबे, दिवा कसा लावणार? मीही त्याचीच री ओढली. शेवटी पीठ तिच्या घरी ठेवलं. सकाळी सगळ्यांदेखत टोपली उचलली, तर पीठ कोरं. मुंगीही फिरकली नव्हती.

मी पोचले तेव्हा सोयाबीन निघालं होतं आणि वेचणीला आलेला कापूस शेडच्या दारापर्यंत पांढरा फुटला होता. विमानाचं सगळं झालं होतं. बसायच्या जागेवरचं पारदर्शक झाकण, म्हणजे ही काच, तेवढी राहिली होती. तिच्या खालच्या कडेला फायबरची पट्टी चिकटवायची, म्हणजे वारा आत शिरत नाही आणि काच थरथरत नाही.

"पट्टी लागली का मी मोकळा," नागेश म्हणाला. "पयली चक्कर माही एकट्याची. दुसऱ्या चकरीले तू, शेजारच्या सीटवर."

"मले जीव जड नाई झाला," मी म्हटलं. तो हसला. चंदन गेल्यापासून पहिल्यांदाच त्याला हसताना बघितलं आणि मला बरं वाटलं.

गुळगुळीत ॲक्रिलिकवर गोंद धरत नाही, म्हणून कड आतून-बाहेरून पॉलिश पेपरने खरवडून घेतली. बारीक पांढरी धूळ आत पडली, दोन्ही सीटवर, पॅडलवर, तळाच्या पत्र्यावर. आत्ताच ओलं फडकं फिरवलं तर दमट हवेत गोंद धरायचा नाही, म्हणून म्हटलं, शेवटी एकदाच पुसू. काच बंद केली, डाव्या बाजूची पट्टी बसवली आणि चारही अंगांनी चिकटपट्ट्यांनी करकचून बांधली. गोंद वाळेपर्यंत ती उघडायची नव्हती.

हात धुऊन वळले तर दारात राहीबाई. भाजीच्या वाफ्यातून आलेली, कमरेवर रिकामी टोपली. शेडमध्ये ती कधी पाऊल टाकत नसे. त्या दिवशी मात्र आत आली, काचेजवळ वाकली आणि खालची पांढरी धूळ किती तरी वेळ बघत राहिली.

"आता झाकलं व्हय माय?" ती म्हणाली.

"धूळ हाय ते, मावशी. काचेची."

"हाव. मी कुठं काय म्हनलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या पट्टीचं काम घेतलं. वाकून कड बघताना नजर आत गेली. डाव्या बाजूच्या पॅडलखाली, धुळीत, दोन पावलं होती. अनवाणी. डाव्या पावलाचा अंगठा अर्धाच.

चंदनचा डावा अंगठा कडबा कापायच्या यंत्रात अर्धा गेला होता. हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आधी संताप आला. वाटलं, नागेशने माझी फिरकी घेतली. पण चिकटपट्ट्या मी लावल्या तशाच होत्या, एकीचीही कड उचललेली नव्हती. ओला गोंद पट्टीच्या बाहेर ओघळला होता, तो तसाच अख्खा वाळलेला. काच उघडली असती तर तो तुटला असता.

"तू आत गेलता का?" मी विचारलं.

"काऊन?" नागेश इंजिनापाशी होता. "तूच तं म्हनली, हात लावू नको."

बाहेरचं ऊन काचेवर पडून आत वेडंवाकडं दिसतं, असं स्वतःला बजावलं आणि उजवी पट्टी चिकटवली. पण पट्टी दोनदा वाकडी बसली. माझ्या हातून असं होत नाही.

तिसऱ्या सकाळी मी शेडमध्ये आले ती सरळ काचेपाशी गेले. डावीकडची पावलं होती तशीच होती.

उजव्या सीटपुढे आणखी दोन उमटली होती.

नुसते चवडे आणि बोटं, कुणी टाच उचलून बसावं तशी. प्रत्येक पावलाला चारच बोटं.

आम्हा दोघा भावंडांच्या पायांची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे. आमच्या बाबांचीही तशीच होती. ओल्या पायांनी घरात फिरलो की फरशीवर चारच बोटं उमटायची आणि आई आम्हाला चार बोटांची भुतं म्हणायची. गावात असा पाय दुसऱ्या घरात नाही.

चंदन उडवतोय आणि शेजारी नागेश बसलाय. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी तिथेच खाली बसले.

नागेशला ओढत आणलं. त्याने काचेला नाक लावून बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. मग सरळ उभा राहिला.

"धूळ हाय, अक्का."

"उडू नको. माही शपथ हाय तुले."

"त्याचं अन् माहं ठरलं होतं. तो गेला म्हनून मी पन सोडून देऊ?" त्याचा आवाज चढला नाही. "आज पुढची पट्टी लाव. उद्या सकाळी निघतो."

असं म्हणून तो शेतातल्या धावपट्टीवर रोलर फिरवून घ्यायला निघून गेला.

समोरच्या कमानीला पट्टी धरायला दोन स्क्रू लागतात. ॲक्रिलिकला भोक पाडायचं तर ड्रिलला बोथट केलेली टोकणी, म्हणजे भोक पाडायचं टोक, लावायची. लोखंडासाठीची धारदार टोकणी काच पकडते आणि फोडते. इतकी वर्षं मी हेच पोरांना शिकवत आले.

मी लोखंडासाठीची टोकणी लावली.

आणि जोर दिला.

आवाज फार मोठा नव्हता. चीर कमानीपासून निघाली, माथ्यावरून गेली आणि मागच्या कडेला जाऊन थांबली. आता ही काच घालून कुणी उडणार नव्हतं. मला एकदम रडू आलं आणि हलकंही वाटलं.

नागेश परत आला. चिरीवरून बोट फिरवलं. माझ्या हातातल्या ड्रिलकडे बघितलं. चिकटपट्ट्या ओरबाडून काढल्या, फुटलेली काच उचलली आणि बाहेर नेऊन उन्हात ठेवली. सोयाबीनच्या गंजीला टेकून, माझ्याकडे पाठ करून बसला.

काच नव्हती, त्यामुळे आता आतलं सगळं लख्ख दिसत होतं.

उजवीकडची पावलं मी नीट बघितली. ती लहान होती. नागेशचा पाय माझ्या दीडपट आहे.

आणि अंगठ्याशेजारच्या बोटाखाली, दोन्ही पावलांना, एक बारीक वाकडी रेघ होती. कड्यासारखी.

मी चप्पल काढली. खाली फरशीवर आमच्या कामाची धूळ होतीच. तिच्यावर पाऊल ठेवलं आणि उचललं. चार बोटं. आणि दुसऱ्या बोटाखाली माझ्या जोडव्याची रेघ.

मी त्या विमानात कधीही बसले नव्हते.

राहीबाई कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिने आत बघितलं, मग माझ्या पायाकडे. खाली बसली आणि माझ्या पावलावर हात ठेवला, लेकीच्या पायावर ठेवावा तसा.

"त्याले एकट्याले लहानपनापासून करमत नाई," ती म्हणाली.

तिचा चेहरा निवळला होता. लेक गेल्यापासून मी तिला असं बघितलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले, टोपली उचलली आणि घरी गेली.

त्या गोष्टीला आता दोन महिने होतील. नागेश माझ्याशी बोलत नाही, पण त्याने नवी काच मागवली. भीमपूरकडे कुरियर जात नाही, म्हणून पत्ता माझ्या दुकानाचा दिला. आज सकाळी खोका आला. भिंतीला उभा करून ठेवलाय. मी उघडला नाही आणि उघडणारही नाही. पट्टी दुसऱ्या कुणाकडून लावून घे, असा निरोप मी कधीच पाठवलाय.

दुपारी राहीबाई आली. बाजाराचा दिवस नव्हता. खोक्याकडे बघून हसली, बाकावर बसली आणि पिशवीतून दोन डबे काढून काउंटरवर ठेवले. शेंगदाण्याचे लाडू.

"येक तुहा," ती म्हणाली.

"अन् दुसरा? नागेशचा?"

"नाई माय." तिने दुसरा डबा हळूच माझ्याकडे सरकवला. "ह्यो चंदनचा. भेटला का दे त्याले."