सत्तेचाळीस नंबरचं घर

दुपारी एक चाळीसला टेलरताई निवडणूक कार्यालयात शिरली ती ओरडतच. "मी म्हणे इथे राहत नाही! मग ही तुमच्यासमोर कोण उभी आहे?"

उमेदवारी अर्जाची खिडकी तीनला बंद होणार होती. मतदार यादीत नाव नसेल, तर प्रभागातून उभं राहता येत नाही. आणि ताईचं नाव यादीतून कापलं गेलं होतं. नळाच्या पाण्यासाठी चार वर्षं भांडून बिचारी इथवर आली होती.

मुख्य कारकून भिंगकाकू. याद्यांची बारीक अक्षरं भिंगाने वाचायच्या, म्हणून हे नाव. आज त्यांच्या पायाला भिंगरी होती, खुर्चीत दोन मिनिटं टेकणं होत नव्हतं.

"हे आपल्या प्रभागाच्या सध्याच्या सदस्याचंच काम!" ताईच्या थोरल्या भावाने टेबलावर हात आपटला. "आत्ताच्या आत्ता लेखी तक्रार देतो!"

"द्या की. नाव, पत्ता, सही."

दादा पुटपुटत भराभर लिहू लागला. "राहणार, घर नंबर सत्तेचाळीस..."

काकूंनी फाइल ओढली. नाव कापण्याचा अर्ज शेजारच्या मास्तरांच्या नावाने आला होता. त्यात ताईच्या ओळखपत्राचा नंबर अचूक, तिचा घर नंबर सत्तेचाळीस. घरी पाठवलेल्या नोटिशीची पोचही होती, त्यावर कुणाची तरी गिचमिड सही.

ताई म्हणाली, "मला कसली नोटीस आली नाही हो!"

मास्तरांना शाळेतून बोलावलं. ते घामाघूम होऊन आले.

"ही सही तुमची?"

"छे हो! मी कशाला असला उद्योग करू?"

"ताई कुठे राहतात?"

"माझ्या शेजारी. एकशे बारामध्ये."

"आणि सत्तेचाळीस नंबर कुणाचा?"

"कुणास ठाऊक. मला इथे येऊन वर्षच झालंय."

अर्जाच्या रांगेत उभे असलेले प्रभागाचे सदस्य तावातावाने पुढे आले. "माझ्यावर कसला आळ घेता?" त्यांच्या हातात प्रचारपत्रकांचा गठ्ठा होता. वरच ठळक छापलेलं: 'दोन वर्षांपूर्वी प्रत्येक घराला नवा क्रमांक दिला!'

काकू उठल्या, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या. घड्याळात दोन वीस. त्यांनी दादाची तक्रार भिंगाखाली धरली आणि एक सुस्कारा सोडला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "सत्तेचाळीस हा ताईच्या घराचा जुना नंबर. मास्तरांना तो माहीत नाही. सदस्य नव्या नंबरांचाच डंका पिटतायत. ताईच्या उमेदवारी अर्जावर एकशे बारा आहे. जुना नंबर लिहिणारा, ओळखपत्र हाताशी असलेला आणि दारातच नोटीस घेऊन लपवणारा माणूस घरातलाच हवा. दादा, आत्ता तक्रारीवरही तुम्ही सत्तेचाळीसच लिहिलंत. सवयीने हात लिहून गेला."

दादाने पेन खाली ठेवलं.

"बाबा निवडणुकीत हरले तेव्हा तू लहान होतीस," तो बहिणीला म्हणाला. "लोक दारात येऊन हसले. त्या दिवसापासून ते उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. मीच खोलीत ताट न्यायचो. तुझंही ताट न्यायची ताकद नाही गं माझ्यात."

ताईच्या डोळ्यांना धार लागली.

"हे सगळं लिहून द्या, निवडणूक अधिकारी साहेब लगेच नाव परत घालतील," काकू म्हणाल्या. "पण खोटी सही केलीत. तुमच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल."

दोन पस्तीस झाले. काकूंना वाटलं, आता ही भावाचा हात धरून घरी जाणार.

ताईने डोळे पुसले आणि पेन भावापुढे सरकवलं.

"बाबा हरले, पण उभे राहिले होते ना, दादा? लिही. पोलीस ठाण्यात मी येते तुझ्याबरोबर. आणि या वेळी एकशे बारा लिही."