उसवलेली बाही

‘सायंतारा’ हे वृद्धांचं तरंगतं घर कर्लीच्या खाडीत नांगरलेलं होतं. ओहोटीला ते जरासं कलायचं, भरती आली की पुन्हा सरळ व्हायचं. तिथले म्हातारे म्हणायचे, आम्हालाही एवढं जमलं तरी पुष्कळ.

दुपारची जेवणं झाली की दाजी पतंगे गोष्ट सांगत आणि गोष्ट संपली की सगळे झोपत. डोक्याला स्वप्नसेतूची मऊ टोपी. खाली पाण्याची डुगडुग. थोड्याच वेळात पांघरुणांखाली हातपाय अलगद हलू लागत, जणू आतून मासोळ्या चालल्यात.

तपासणीला आलेले डॉ. निनाद केळुसकर हे बघतच राहिले.

“झोपेतही मेंदू हातापायांना हुकूम सोडतो,” परिचारिका मैथिली घाडी सांगत होती. “पण मानेशी निसर्गानं कुलूप घातलंय, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण पलंगावरून पडत नाही. स्वप्नसेतू ते कुलूप किंचित किलकिलं करतो. हुकमाचा एखादा घोट स्नायूंपर्यंत पोचतो. झोप ती झोप, आणि व्यायाम तो व्यायाम.”

“मग सगळ्यांना जिना चढायचं स्वप्न द्या की!”

“दिलं होतं. कुणाचा अंगठासुद्धा हलला नाही. शरीर फक्त ओळखीचं काम पत्करतं. आवडाबाई तांडेलांनी जन्मभर डोक्यावरून मासळीची पाटी वाहिली. जिना म्हटलं की त्यांचे गुडघे रुसतात, पाटी म्हटलं की पळतात. म्हणून दाजी प्रत्येकाला त्याच्याच कामाची गोष्ट सांगतात. काल आवडाबाईंच्या पाटीतली सुरमई जिवंत झाली आणि बाईंना पाटीसकट बंदरभर फिरवून आली.”

“आणि हे दाजी स्वतः?”

मैथिलीनं दाजींच्या पलंगाकडे बघितलं. मागे घसरून पडल्यापासून दाजी पलंगावरून उठलेच नव्हते. आपलं काम काय होतं हे विचारलं की कधी ते सर्कशीत सिंहाची आयाळ विंचरणारे असत, तर कधी दीपगृहाच्या उजेडाला घड्या घालणारे. खरं काही कळत नव्हतं. स्वप्नातही ते गोष्टीच सांगत, त्यामुळे त्यांच्या जिभेचे स्नायू तेवढे पैलवानासारखे झाले होते.

“पुढच्या खेपेला ते आपणहून उठले नाहीत, तर त्यांना किनाऱ्यावरच्या शय्याभवनात हलवावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “नियम आहे.”

शय्याभवन स्वच्छ होतं, पण तिथे कुणी कुणाशी बोलत नसे. दाजी हे सगळं ऐकत होते. ते एवढंच म्हणाले, “डॉक्टर, कोट कुणाचा आणलात? परत करा त्याला. उजवा खांदा रडतोय.”

दुसऱ्या दिवशी गोष्ट ऐन रंगात असताना आवडाबाईंनी मैथिलीला कोपरानं ढोसलं.

“सिस्टर, ह्येचे पाय बघलंस? तोंड एक सांगता नि पाय दुसराच काय करतत.”

चादरीखाली दाजींची पावलं हलत होती. टाच, चवडा, टाच, चवडा. मैथिलीला लहानपणचं शिंप्याचं दुकान आठवलं आणि पायानं चालणाऱ्या शिलाई मशीनची खडखड ऐकू आली.

“दाजी, तुम्ही शिंपी!”

पावलं थांबली. दाजी पकडल्या गेलेल्या मांजरासारखे छताकडे बघू लागले.

“लपवलंत कशाला हो?”

“शिंप्याची गोष्ट कोण ऐकतंय, पोरी? गिऱ्हाईक दुकानात येतं ते स्वतःची सांगायला. मी जन्मभर पाय मारले आणि ऐकलं.”

त्या दुपारी पहिल्यांदाच दाजी श्रोते झाले. गोष्ट आवडाबाईंनी सांगितली. समुद्राचा सदरा फाटला होता, म्हणून लाटा बाहेर पडत होत्या. समुद्र दाजींच्या दुकानात आला नि म्हणाला, शिवून दे रे बाबा, बटणाला चंद्र आणलाय. दाजी झोपले. मैलोन् मैल निळं कापड त्यांच्या हाताखालून सरकत राहिलं आणि पांघरुणाखाली त्यांचे पाय दुडक्या चालीनं धावत राहिले. असं रोज चाललं. पोटऱ्या भरल्या, घोट्यांत जोर आला. मैथिली मनातून नाचत होती.

डॉक्टर आले. कोट तोच होता.

“दाजी, उभे राहा बघू.”

दाजी पलंगाच्या कडेवर बसले. पाय जमिनीला टेकले. जोर लावला. आणि पायांनी टाच, चवडा, टाच, चवडा सुरू केलं. पुन्हा जोर लावला, तर आणखी वेगानं.

“अरे, ह्ये तर बसानच निघाले!” आवडाबाई हसल्या आणि लगेच त्यांचे डोळे भरले.

डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, “पायांत ताकद आहे. पण शरीर शिकलंय ते बसायचं काम.”

“मला न्या,” दाजी म्हणाले. “जाताना टोपी राहू द्या डोक्यावर. तिथे निदान मीच माझं ऐकेन.”

मैथिली विचारात पडली. शरीर ओळखीचंच काम पत्करतं. मग शिंपी आपल्या जागेवरून उठतो तरी कधी?

ती धावत गेली, कपाटातून मोजपट्टी आणली आणि दाजींच्या गळ्यात टाकली. मग डॉक्टरांना दंडाला धरून पलंगासमोर उभं केलं.

“दाजी, गिऱ्हाईक आलंय. कोट हवाय म्हणतात.”

“मी कुठे…” डॉक्टर बोलू लागले.

“हलू नका!” दाजी गरजले. आणि ते उभे होते. कसे उठले ते त्यांनाही कळलं नाही. त्यांनी खांद्याला पट्टी लावली, जीभ चुकचुकवली, पाठीमागे जाण्यासाठी एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

“आता बसा, दमाल,” डॉक्टर पुटपुटले.

“माप अर्ध्यावर सोडलं तर बाही आखूड होते. सरळ उभे राहा. आणि पोट आत घेऊ नका, ते शिवल्यावर बाहेर येतं.”

तेव्हापासून डॉक्टर येतात, सज्जाकडे चालू लागतात आणि दाजी पट्टी घेऊन त्यांच्या मागे जातात. सज्जात सगळे वाट बघत असतात. तिथे आता शिलाई मशीन आहे, खाडी आहे आणि दुपारची गोष्ट आहे.

डॉक्टरांचा नवा कोट अजून झालेला नाही. झाला की उठायचं कारण संपेल, म्हणून मैथिली रोज सकाळी गुपचूप एक बाही उसवून ठेवते.

दाजींना ते ठाऊक आहे. तिला सोपं जावं म्हणून ते त्या बाहीला कच्चाच टाका घालतात.