दीपस्तंभाचा दिवा

जुने गेम विकत घेणाऱ्या दुकानात तिनं पिशवी काउंटरवर उपडी केली, तसा शेजारी उभा असलेला चष्मेवाला मुलगा चक्क हसला.

"एवढा निवडक कचरा एकाच घरात कसा काय जमला?"

"दादाची कृपा," ती म्हणाली.

दादा नोकरीसाठी दूर गेला होता आणि जाताना सगळा संग्रह धाकट्या बहिणीच्या हवाली करून गेला होता. चांगले गेम तिनं ठेवून घेतले. हे उरलेले म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं! शर्यतीतला घोडा कुंपणात अडकला की तिथेच चरत बसायचा. वेष्टनावर आग ओकणारा ड्रॅगन गेममध्ये बेडकाएवढा निघाला होता. तिनं एकेकाची अशी काही उणीदुणी काढली की दुकानदारकाकाही हातातलं काम विसरले. चष्म्यामागचे डोळे मात्र गेमवर नव्हतेच... ते लक्षात येताच तिनं उगाचच बट कानामागे सारली.

"सगळ्यात वाईट कोणता?"

तिनं दीपस्तंभाचा गेम उचलला. यानं तिची अख्खी सुट्टी खाल्ली होती. जिने चढून चढून दोघं भावंडं वर पोचली, पण दिवा काही केल्या लागेना. दादानं वैतागून गेमच बंद केला. ती मात्र रडली होती, आपलंच काहीतरी चुकतंय म्हणून.

"वर दोन कळा आहेत," तो म्हणाला. "दोघांनी एकदम ओढायच्या."

"ओढली की मी. बोटं दुखेपर्यंत."

तो जरा अडखळला. "दुसरा कंट्रोलर जोडलेला नसला ना... तर दुसऱ्या खेळाडूची बाहुली आपोआप पहिलीच्या मागे मागे चालते. वर पोचली की नुसती उभी राहते."

तिला सोफ्यामागे गेलेली आपल्या कंट्रोलरची वायर आठवली. 'मी लावलीय, तू हात लावू नकोस,' दादा दर वेळी म्हणायचा. आणि ती बिचारी जीव तोडून बटणं दाबायची! म्हणजे दादाबरोबर जिंकलेल्या त्या सगळ्या गेममध्ये तिचं काहीच नव्हतं? तिनं काकांना सांगून टाकलं, घरचे चांगले गेमही आणते, सगळेच विकायचेत.

त्यानं काकांकडे दुकानातला टीव्ही, गेमचं यंत्र आणि दोन कंट्रोलर मागितले आणि एका कंट्रोलरच्या वायरचं टोक तिच्या हातात ठेवलं.

"तू लाव. स्वतः."

पडद्यावर दोघं जिने चढू लागले. तो मुद्दाम सावकाश चढत होता.

"तुझा तर पूर्ण झालाय," ती म्हणाली. "मग पुन्हा कशाला?"

"एकट्यानं केला होता. एक कंट्रोलर हातात, दुसरा पायाच्या अंगठ्याखाली." तो पडद्याकडेच बघत राहिला. "दिवा लागला... पण दाखवायला कुणी नव्हतं."

ती हसणार होती. हसली नाही. वर पोचल्यावर तिनं हळूच 'ओढ' म्हटलं, आणि कळा एकदम खाली आल्या. काळ्या समुद्रावर एक ओबडधोबड पिवळा ठिपका उमटला.

"एवढंच?"

"एवढंच. वाईटच आहे गेम."

आता मात्र दोघं पोट धरून हसले. तिनं सगळे गेम परत पिशवीत भरले. काकांनी भुवई उंचावली.

"यातले एकेक पुन्हा तपासायचेत," ती म्हणाली. "दोघांनी, इथेच. येशील?"

"सगळेच भिकार निघाले तरी येईन," तो म्हणाला. कान लाल झाले होते त्याचे. "तू असशील ना... म्हणून."

काकांनी टीव्ही बंद केला. त्यानं आपली वायर काढून गुंडाळली. तिची मात्र तशीच जोडलेली राहू दिली.