ओल्या वेतावर बसलेला

वेतकाकांना बोलल्याशिवाय विणता येत नसे. हात चालू झाले की तोंड चालू व्हायचं, आणि तोंड थांबलं की बायको चष्मा काढून विचारायची, "अहो, बरं वाटत नाही का?" खुर्च्यांच्या बैठका विणण्यात त्यांची हयात गेली होती. जुन्या बैठकीचा झोळ बघून ते सांगत, बसणारा पाय हलवतो की डुलक्या काढतो, मालक आहे की कारकून. लोक हसायचे, पण अंदाज सहसा चुकत नसे.

त्या दिवशी पलीकडच्या वाड्यातल्या वहिनींचा निरोप आला, "कोर्टातली खुर्ची परत मिळाली, विणून द्या," तेव्हा ते गप्प बसले. बायकोने लगेच चष्मा काढला.

त्या खुर्चीमुळे एक माणूस फासावर गेला होता, आणि तिच्या वतीने बोलले होते वेतकाका. अकरा वर्षं झाली. वहिनींचा नवरा आजारी होता. त्याच्याच खोलीत, वारा येतो म्हणून, काकांनी नुकतीच विणलेली खुर्ची वाळत ठेवली होती. वेत भिजवून विणतात; वाळला की तो आपोआप ताणून बसतो. ओला असताना कोणी बसलं तर जो झोळ पडतो तो कायमचा. काकांनी घरभर बजावलं होतं, उद्यापर्यंत कोणी टेकायचंसुद्धा नाही! सकाळी नवरा मेलेला सापडला, दुधात विष होतं, आणि खुर्चीला झोळ होता, डावीकडे खोल.

वहिनींचा धाकटा दीर डाव्या पायाने लंगडा. बसला की सगळा भार डाव्या अंगावर. घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं फाटलेलं. मी त्या रात्री गावात नव्हतोच, असं तो सांगत होता. शेजारच्या खोलीत पेंगुळलेल्या वहिनींनी मात्र त्याचा आवाज ऐकला होता. तीनदा त्याने हळूच विचारलं होतं, "दादा झोपला का?"

"स्वप्न म्हणजे पुरावा नव्हे," असं दिराचे वकील म्हणाले. मग कोर्टात दुसऱ्या ओल्या बैठकीवर दिराला बसवलं. तोच झोळ पडला. काकांनी साक्ष दिली, आणि एका पहाटे फाशी झाली.

मरेपर्यंत तो एकच म्हणत राहिला, "मी त्या खुर्चीवर बसलो नव्हतो."

हा सल काकांच्या मनातून कधी गेला नाही. डाव्या अंगावर रेलणारी माणसं जगात काय एकच असतात? आपण भलत्याच माणसाला तर मारलं नाही ना? दिवसभर हसणारा हा माणूस मधूनच उसासा टाकायचा तो यासाठी.

वहिनी मात्र खुशीत होत्या. मुलीच्या सासरची माणसं यायची होती, आणि पाचच खुर्च्या धड होत्या.

"तुम्हाला भीती नाही वाटत, वहिनी?"

"खुर्चीने माझं काय घोडं मारलंय? विणा गुपचूप."

"गुपचूप जमणार नाही, बाकी काहीही सांगा," काका म्हणाले, आणि त्यांचं तोंड सुरू झालं.

संध्याकाळपर्यंत बैठक विणून झाली. वहिनी म्हणाल्या, त्याच खोलीत ठेवा, वारा तिथेच येतो. खोलीत दिवंगत नवऱ्याची खाट तशीच होती. काकांनी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली. घरातलं मांजर लाडावलेलं, म्हणून खिडकीला जाळी लावली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, लख्ख उन्हात, त्यांनी कुलूप उघडलं. ओल्या वेताचा वास आला, आणि दुधाचा. गरम दुधाचा.

खुर्ची खाटेकडे तोंड करून होती. बैठकीला झोळ होता. डावीकडे खोल.

काका दोन पावलं मागे सरले... आणि मग त्यांना एवढा आनंद झाला की ते मोठ्याने हसले. "तोच! वहिनी, तोच होता हो! अजून येऊन बसतोय, लबाड!"

दारातून वहिनी पांढऱ्या चेहऱ्याने बघत होत्या. "काका... बाहेर या."

"थांबा, खात्री करून घेतो." अकरा वर्षांचं ओझं उतरलेला माणूस थोडा वेडेपणा करणारच. काका त्या झोळात बसले. काय सांगावं, मापाने शिवल्यासारखा बसला! दोन मिनिटं ते तिथून उठलेच नाहीत.

वहिनींनी ती खुर्ची अंगणात काढून जाळली. "पाच तर पाच," म्हणाल्या, "जावईबापू उभे राहतील." काकाही हसत हसत घरी आले.

बायको भाजी निवडत होती. काकांनी स्टूल ओढलं आणि सगळी हकीकत हातवारे करून सांगितली. दोघं पोट धरून हसली. निरपराध माणूस आपल्या हातून गेला नाही, या समाधानाने काकांचे डोळे भरून आले. बायकोनेही पदराने डोळे पुसले. मग ती म्हणाली, "अहो, पण तुम्ही असे डाव्या अंगावर का रेललात?"

काका सरळ बसले. थोड्या वेळाने पुन्हा रेलले. आता ते काहीच बोलत नव्हते. बायकोने हातातली भाजी खाली ठेवली आणि हळूच चष्मा काढला.

"काय झालं?"

काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. आवाज खाली आणून, अगदी मायेने, त्यांनी विचारलं, "दादा झोपला का?"

ती हसली. हसू अर्ध्यावरच राहिलं. "कोण दादा? या घरात थोरले तुम्हीच ना..."

आतल्या खोलीत कोणीच नव्हतं. तिथली खाट करकरली, कोणीतरी कूस बदलावी तशी.