काठमांडूचा नवस

सोमवारी सकाळी सात वाजता पवनी ठाण्यात फोन आला.

"मॅडम, माही माय घरी नाही," पलीकडचा माणूस धापा टाकत होता. "अन् वावरात बांधाच्या धुऱ्याजवळ माती उकरलेली हाये."

उपनिरीक्षक तृप्ती बावनकर अर्ध्या तासात नदीकाठच्या त्या शेतातल्या घरी पोचल्या. अंगणात धुळीनं माखलेली जीप उभी होती. फोन करणारा कैलाश आणि त्याची बायको रुपा पंधरा दिवसांचा प्रवास करून पहाटेच परतले होते. घरात होता फक्त कैलाशचा बाप, धनीराम.

"कुठे गेला होतात?"

"काठमांडूले. मायचा नवस होता. नऊ वर्षांखाली मी मरता मरता वाचलो. वैनगंगेचं पाणी रस्त्यानं न्यायचं, माह्या हातानं पशुपतीले अभिषेक करायचा, अन् वाटेतून मागं फिरायचं नाही."

"आईशी शेवटचं कधी बोललात?"

"निघाल्याच्या तिसऱ्या दिवशी, बुधवारी रात्री. प्रयागराजहून. मंग रोज बाबाच फोन उचलत. कधी झोपली हाये, कधी नदीवर गेली हाये. आता म्हणतात, नागभीडच्या मावशीकडे गेली. मावशीले विचारलं, तिथं ती गेलीच नाही!" कैलाशचा आवाज खाली आला. "पहिले बाबाचा हात चालायचा तिच्यावर. मले तर..."

त्यानं उकरलेल्या मातीकडे बोट दाखवलं.

तृप्ती घरात गेल्या. खुंटीवर कैलाशच्या आईचा, मंदाबाईचा चष्मा लटकत होता. दाराशी तिच्या चपला होत्या. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली, खाली जमिनीवर एकच घोंगडी. देव्हाऱ्यात देवांवरची फुलं पार वाळली होती, समईत तेलाचा थेंब नव्हता.

धनीराम ओसरीवर बसला होता. डोक्याला दुपट्टा घट्ट बांधलेला.

"काका, मंदाबाई कुठे आहेत?"

"नागभीडले."

"चष्मा न घेता? अनवाणी?"

म्हाताऱ्यानं दुपट्ट्याची गाठ आणखी आवळली.

"दुपट्टा सोडा."

त्यानं सोडला. डोक्यावर दोन दिवसांचे खुंट होते, मिशीच्या जागीही तेवढेच.

"उवा झाल्या होत्या जी."

"मिशीतही?"

"ओळख लपवायले काढली असंन!" कैलाश ओरडला. "मॅडम, घेऊन जा यांना!"

तृप्तींनी त्याला खाली बसवलं. त्यांना सगळं कळून चुकलं होतं, आणि सांगायला जीभ रेटत नव्हती.

"कैलाश, पाप लपवणारा रोजच्यासारखा वागतो. देवाला फूल वाहतो, खाटेवर झोपतो. तुझ्या बाबांनी पूजा थांबवली, अंथरूण जमिनीवर टाकलं, केस आणि मिशी उतरवली. एकट्यानं सुतक पाळलं त्यांनी. बुधवारी रात्री आई तुझ्याशी बोलली. म्हणजे ती गेली गुरुवारी. गुरुवारपासून दहावा दिवस परवाचा, शनिवारचा. हे खुंट तेवढेच आहेत."

रुपानं तोंडाला पदर लावला.

"मंग लपवलं काहून? मी रातोरात आलो असतो!"

"म्हणूनच. तू आला असतास तर नवस वाटेत मोडला असता. न येता पुढे गेला असतास तरी सुतकात देवाला हात लावता आला नसता. पण सुतक लागतं ते कळल्यापासून. ज्याला माहीतच नाही, त्याचा अभिषेक चालतो. खरं ना, काका?"

धनीरामनं मान हलवली. मग तो हमसून हमसून रडला.

"गुरुवारी सकाळी छातीत कळ आली, तवा तिनंच शपथ घातली. म्हणे, नवस मोडला तर पोराच्या जिवावर बेतेल. मी तर गेलीच हाये, त्याले वाटेतून बोलवू नका. भैय्यालाल ऑटो आणायले गेला, तो येईपर्यंत संपलं. आम्ही दोघांनीच माती दिली, आमच्यात वावरातच पुरतात जी. दहाव्याले डोक्स्यावरून वस्तराही त्यानंच फिरवला."

नदीवर जाळी टाकणारा भैय्यालाल कुंपणाशी येऊन उभा होताच. त्यानं शब्दन् शब्द खरा असल्याचं सांगितलं.

"माती पुन्हा उकरावी लागेल, काका," तृप्ती म्हणाल्या. "तहसीलदार येतील, डॉक्टर तपासतील. त्याला माझा इलाज नाही." हे बोलताना त्यांना स्वतःच्या नोकरीची लाज वाटली.

कैलाश सरकून बापासमोर आला.

"पशुपतीसमोर मी काय मागितलं, माहीत हाये बाबा? मायले शंभर वर्षं दे म्हटलं." त्यानं धुऱ्याकडे पाहिलं. "तिले मातीत ठेवून चार दिवस झाले होते, अन् मी तिचं आयुष्य मागून राहिलो होतो."

धनीरामनं हात पुढे केला. कैलाशनं तो लगेच धरला नाही. मग धरला.

"शेवटी काही म्हणाली?"

"एकच विचारे. गाडी कुठं पोहचली?"

"मंग?"

"मी म्हटलं, पोहचली काठमांडूले, अभिषेक करून राहिला कैलाश." म्हाताऱ्यानं डोळे पुसले. "तुम्ही प्रयागराजलेच होता तेव्हा. पण ती हसली, बाबू."