वरातीच्या चालीने

घोटीला मी तांदूळ आणायला गेले होते, प्रेमात पडायला नव्हे. श्रावणातली सर आली, म्हणून समोरच्या तांदळाच्या दुकानात शिरले, तर वरच्या माळ्यावरून क्लॅरोनेटचे सूर... मऊ, दमदार आणि चक्क घोटीच्या बाजारात.

सूर थांबले. जिन्यावरून एक जण उतरला. डोळे हसरे, केसांत तांदळाचा कोंडा.

"इंद्रायणी किती किलो देऊ?"

"तांदूळ राहू द्या. वर कोण वाजवत होतं?"

"मीच की. पोत्यांमध्ये आवाज जिरतो. घरी वाजवलं की शेजारी लय वैतागतात."

त्याचं नाव वाल्मीक. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचा. चातुर्मासात लग्नं नसतात, म्हणून चार महिने मामाच्या दुकानात तांदूळ मोजायचा. मी माझं काम सांगितलं : रविवारी सकाळी नाशिकला, माझ्या फ्लॅटच्या हॉलमधून ऑनलाइन मैफल. श्रोते मोजके चाळीस, सगळ्यांचे चेहरे पडद्यावर. वाजवून झालं की ते कलाकाराशी थेट बोलतात. एका रविवारी तुम्ही वाजवा, म्हटलं. त्याने मन लावून ऐकलं आणि विचारलं, चाळीस माणसं गप बसून ऐकणार, तर नाचणार कोण? कुणीच नाही, मी म्हणाले. माझी कीव येऊन त्याने तांदळात दोन मुठी जास्त घातल्या आणि वाजवायला होकारही दिला.

सरावाला तो दर गुरुवारी येऊ लागला. पहिल्या गुरुवारी मी त्याला मानाने खुर्चीवर बसवलं. चार सूर निघाले आणि दम संपला. पुन्हा तेच. त्याचे कान लाल. मग कळलं, पंधरा वर्षं हा माणूस वरातीपुढे चालत वाजवतोय. पाय थांबले की त्याचा श्वासही थांबतो.

"मग चाला," मी म्हणाले.

तो चालू लागला. चित्रणासाठी फोन हातात धरून मी त्याच्यापुढे उलट्या पावलांनी. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये, अगदी वरातीच्या चालीने : चार पावलं, थांबा, पुन्हा चार पावलं. सूर न तोडता तो भुवईने मला टीपॉय दाखवायचा. छत्तिसाव्या वर्षी कुणाच्या तरी भुवईवर भरवसा ठेवून उलटं चालायचं... सोपं नसतं हो. पण दुसऱ्या गुरुवारी मी मागे वळून पाहणं सोडून दिलं होतं.

तिसऱ्या गुरुवारी क्लॅरोनेट पुसता पुसता तो म्हणाला की सुरतेच्या एका बँडने बोलावलंय. बारा महिने काम, राहायची सोय. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला.

"छान संधी आहे," मी म्हणाले, एखाद्या आत्याबाईसारखी. आणि आत जाऊन धुतलेल्या कपबश्या पुन्हा धुतल्या.

रविवारी अडतीस चेहरे जमले. बाहेर भुरभुर, आत वाल्मीक. त्याने असं वाजवलं, की लोक आपापल्या घरी खुर्चीतून उठून डोलू लागले. अर्धा तास मी उलटी चालत होते आणि मनात एकच हिशेब : आज रविवार, उद्या सोमवार.

वाजवणं संपलं. प्रश्न विचारायला पहिल्या पुढे आल्या इगतपुरीच्या मालनबाई, रेल्वेतून निवृत्त, माझ्या एकाही मैफलीला न चुकणाऱ्या.

"बाळा, झकास वाजवलंस. पण आमच्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. नजर सारखी फोनच्या वर. तिथं आहे तरी कोण?"

मी फोन इतक्या घाईने चेहऱ्यासमोर ओढला, की अडतीस घरांत माझ्या भिंती हलल्या असतील.

"मॅडम हायेत," वाल्मीक म्हणाला. "उलट्या चालतात. पडतील म्हणून लक्ष ठेवावं लागतं."

"अर्धा तास?"

त्याचे कान पुन्हा लाल. मालनबाईंनी दयाळूपणे विषय बदलला, निदान त्यांना तसं वाटलं... पुढची मैफल कधी, म्हणाल्या.

"ते त्यांना विचारा," तो माझ्याकडे बघत म्हणाला. "त्या थांब म्हणाल्या तर थांबतो. नायतर उद्या सुरतेला होकार कळवतो."

चार वर्षांत मी एकदाही कॅमेऱ्यासमोर आले नव्हते. यजमानाने दिसायचं नसतं, अशी माझी समजूत. मी फोनचा कॅमेरा माझ्याकडे वळवला. पडद्यावर एक बाई आली : कपाळाला चिकटलेले केस, ओढणी भलत्याच खांद्यावर.

"नमस्कार मंडळी. पुढची मैफल पुढच्या रविवारी," मी म्हणाले. आवाज जरा वर लागला, पण मागे घेतला नाही. "तुळशीच्या लग्नापर्यंत दर रविवारी. वाल्मीक कुठेही जाणार नाहीत. थांबा, म्हणतेय मी त्यांना."

"आणि तुळशीचं लग्न लागल्यावर?" मालनबाईंना कुठे थांबायचं ते कधीच कळत नाही. देव त्यांचं भलं करो.

माझ्या मागून वाल्मीक चौकटीत आला. एवढीशी चौकट, दोघं मावायचे तर खांद्याला खांदा लागणारच.

"मग लग्नसराई," तो म्हणाला. "सगळी लग्नं वाजवीन, एक सोडून. त्या दिवशी वरातीत घोड्यावर मी असंन... ह्या हो म्हणाल्या तर."

अडतीस चेहरे श्वास रोखून माझ्याकडे बघत होते. मैफल बंद करायचं बटण माझ्याच अंगठ्याखाली होतं.

मी अंगठा उचलला आणि सगळ्यांच्या देखत हो म्हणाले.