कंपासबाईंचं शेवटचं वाक्य

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात दिवंगतांबद्दल बोलायचं काम कंपासबाईंकडे आलं, त्याला कारण मुख्याध्यापकांचा कंटाळा. आधी तेच बोलायचे. वर्षभरात वारलेल्यांची नावं दवाखान्यात नंबर पुकारावेत तशी वाचायचे, मग दोन मिनिटं शांतता, की लगेच चहा. एका वर्षी बाई पहिल्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "अहो सर, ही माणसं काहीतरी करत होती ना? नुसतीच मेली नाहीत." मुख्याध्यापकांनी माईक त्यांच्या हातात दिला आणि पुन्हा कधी मागितला नाही.

बाई भूमिती शिकवायच्या. फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास काखेत मारून वर्गात शिरायच्या, म्हणून कंपासबाई. निवृत्तीनंतरही नाव चिकटून राहिलं आणि स्वभावही: सिद्ध झाल्याशिवाय काही मानायचं नाही. कोणी गेल्याचं कळलं की त्या त्याच्या घरी जायच्या. सांत्वनाचे चार शब्द झाले की सरळ विचारायच्या, "काम काय करायचा? हातात काय असायचं? घरी आल्यावर कशावरून कुरकुरायचा?" लोक आधी बिचकायचे, पण एकदा बोलायला लागले की थांबायचे नाहीत. कागद बाईंनी कधी घेतला नाही. हॉलमध्ये उभ्या राहून त्या एकेकाचं आयुष्य असं सांगायच्या, की मागच्या खुर्च्यांवर फोन बघत बसलेलेही मान वर करायचे. शेवट मात्र ठरलेला असायचा. कधी गेला, कसा गेला, एका वाक्यात. ते वाक्य संपलं की सगळा हॉल शांततेसाठी उभा राहायचा.

फक्त एकाचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा मुलगा याच शाळेत होता. खडूचे तुकडे, खिळे, बिया, सापडेल ते खारीसारखं खिशात कोंबायचा, म्हणून घरीदारी सगळे त्याला खारू म्हणायचे. नववीत असताना तापाने गेला. तो काही झालाच नव्हता, मग सांगणार काय? पाठोपाठ नवराही गेला. बाई मागे राहिल्या, दुसऱ्यांच्या पोरांची आयुष्यं तोंडपाठ करत.

विचित्र प्रकार सुरू झाला तो औषधवाल्यापासून. औषधांचं दुकान चालवणारा, लग्न न केलेला, बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहणारा साधा माणूस. बाई घरी गेल्या तेव्हा खोलीत एक पलंग, एक टेबल आणि रिकाम्या खोक्यांची चळत होती. बहीण "चांगला होता" याच्या पुढे सरकेना. मेळाव्यात त्याचं आयुष्य सांगून बघता बघता संपलं. समोर बहीण मांडीवरच्या हातांकडे बघत बसली होती. बाईंना इतकं वाईट वाटलं, की आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पदरचं काही घातलं. "आणि दुकान बंद केलं की हा माणूस व्हायोलिन वाजवायचा. वाईट वाजवायचा, पण रोज."

हॉल हसला. बहिणीने मान वर केली.

काही दिवसांनी ती बाईंच्या दारात उभी राहिली. हातात व्हायोलिनची पेटी होती.

"हे तुमच्याकडेच राहू दे. तुम्ही घरी आलात तेव्हा किती मायेने हातात घेतलं होतंत."

बाईंनी काही हातात घेतलं नव्हतं. ती गेल्यावर त्यांनी पेटी उघडली. हनुवटी टेकते तिथलं पॉलिश पार उडालं होतं. तिथे त्यांनी बोट फिरवलं. एवढी झीज व्हायला वर्षं लागतात.

संध्याकाळी त्यांनी ड्रॉइंगसरांना गाठलं. दोघांची सगळी नोकरी एकाच स्टाफरूममध्ये गेली होती, आणि बाईंची टिंगल करायची हिंमत असलेला तो एकच माणूस उरला होता.

"सर, तो व्हायोलिन वाजवत नव्हता. मी ठोकून दिलं होतं."

"काय सांगता? शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याने वाजवलं आणि पहिली रांग उठून गेली. तुम्ही कानात बोटं घालून बसला होतात."

"मी?"

"बदाम खात जा, बाई," सर म्हणाले.

पुढच्या वर्षी लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण गेला. बाईंनी ठरवून एक खोटं सांगितलं. बघू तरी, म्हणून. कामात त्याच्या डाव्या हाताची करंगळी गेली होती, असं त्या म्हणाल्या. खरं तर तो फळ्यावर वर्तुळ काढायला यायचा तेव्हाची त्याची दहाही बोटं त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ती शेवटपर्यंत शाबूत होती हे त्याच्या बायकोकडून त्यांनी आडून विचारून घेतलं होतं.

चहाच्या वेळी तीच बायको जवळ आली. "बोटाचं कशाला काढलंत, बाई? थंडीत फार ठणकायचं त्यांना. रात्र रात्र हात काखेत धरून बसायचे."

बाईंनी कप खाली ठेवला. एका माणसाला मेल्यावर त्यांनी दुखणं दिलं होतं. पुन्हा तोंडातून एक अक्षरही खोटं काढायचं नाही, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं. आणि त्याच क्षणी त्यांना खारू आठवला.

तो विचार मग हटेना. भाजी निवडताना, अंथरुणावर पडल्यावर, त्या खारूला वाढवत राहिल्या. दहावी, कॉलेज, नोकरी. लबाडी होती, हे त्यांना कळत होतं. पण कुठल्या आईने नको म्हटलं असतं?

पुढच्या मेळाव्यापर्यंत कोणीच गेलं नाही. "या वर्षी तुम्हाला सुट्टी," ड्रॉइंगसर म्हणाले. बाई तरीही माईकपाशी गेल्या. गेलेल्यांचं शेवटचं वाक्य आज म्हणायचं नाही, एवढं मनाशी पक्कं होतं. आजपर्यंतचं सांगायचं आणि खाली बसायचं.

त्या बोलायला लागल्या. खारू तापातून उठला. पूल तपासायचं शिकला. दोराने पुलाखाली उतरायचा, हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा आणि कुठे पोकळी आहे ते सांगायचा. लग्न केलं. त्याची बायको दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कामाला होती आणि त्याच्याच दातांवरून त्याच्याशी भांडायची. एक मुलगी झाली, बापासारखीच खिसे फुगवून हिंडणारी. बाई बोलत होत्या आणि हॉलमध्ये कोणी खोकतही नव्हतं. इतकं सुंदर त्या कधी बोलल्या नव्हत्या.

मग सांगायचं संपलं. त्या थांबल्या.

त्या थांबल्या की काय येतं हे हॉलला ठाऊक होतं. लोकांनी पाय मागे घेतले. खुर्च्या करकरल्या. सगळे चेहरे त्या एका वाक्याची वाट बघत होते.

आणि इतक्या वर्षांच्या सवयीने बाईंची जीभ वळली.

"गेल्या हिवाळ्यात दुपारी तो झोपेतच गेला, त्याला त्रास झाला नाही."

हॉल उभा राहिला.

"थांबा," बाई म्हणाल्या. "बसा. बसा सगळे. तसं नाही."

शांततेत कोणी बसत नाही. ड्रॉइंगसर मान खाली घालून रडत होते.

घरी आल्यावर त्यांनी कपाट उघडलं. खारूचा शाळेचा शर्ट त्या तिथे जपून ठेवत. तो नव्हता. भिंतीवर एका दाढीवाल्या माणसाचा फोटो होता. कान नवऱ्याचे होते. बाई त्याच्यासमोर उभ्या राहून आठवायचा प्रयत्न करत राहिल्या. त्याचा मोठेपणीचा आवाज, तो जेवायला बसला असताना, एखादं भांडण. काहीच नव्हतं. दूधवाल्याला खारू आठवत होता. शेजारणीला त्याचं लग्न आठवत होतं. अख्खी शाळा तोंडपाठ असलेल्या कंपासबाईंना स्वतःच्या मुलाचं नववीच्या पुढचं काही म्हणता काही आठवत नव्हतं.

आठवड्याभराने सून आली. बरोबर मुलगी होती, तिचे खिसे फुगलेले. बाईंनी दोघींना आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. सून मात्र सवयीने चपला कोपऱ्यात सारून आत आली आणि स्वयंपाकघरात जाऊन न विचारता बरोबर डब्यातून साखर काढली.

"आई, एक विचारायचं होतं," ती चहा ठेवत म्हणाली. "त्याला त्रास झाला नाही, असं सांगितलंत म्हणे तुम्ही मेळाव्यात."

"झाला का?"

"सगळा हिवाळा तो झोपला नाही. लग्नाआधीच मला म्हणाला होता, मला एवढंच आयुष्य आहे, त्या हिवाळ्यापर्यंत. मी हसले होते. मग तो हिवाळा आला आणि त्याने पलंग बाहेर काढून टाकला. खुर्चीत ताठ बसायचा. डोळा लागायला लागला की हातोडीने स्वतःच्या गुडघ्यावर मारायचा. ही शेजारी बसून त्याच्याशी बोलत राहायची, बाबा जागे राहावेत म्हणून."

मुलगी जमिनीकडे बघत होती.

"त्या दुपारी ही शाळेत होती," सून म्हणाली.

बाईंनी नातीकडे पाहिलं.

"आदल्या दिवशी म्हणाला, आईला एकदा विचार. म्हणावं, ताप उतरवलास, शिकवलंस, लग्न लावलंस, पोर दिलीस. मग तिथेच गप्प का नाही बसलीस?" सुनेने गॅस बारीक केला. "तापाच्या दिवसांतलं काहीतरी बरळतोय असं मला वाटलं. पण त्याला उत्तर हवं होतं, आई. खरंच हवं होतं."

बाईंकडे उत्तर होतं. सवय, एवढंच. पण आता आपण काहीही बोललो तरी त्याचं काय होईल, या भीतीने त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि हात पुढे करून नातीला जवळ बोलावलं.

मुलगी आली नाही. दाराच्या चौकटीला पाठ लावून ती आजीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आजी," ती हळूच म्हणाली, "माझं काही सांगू नकोस हं."